चौक कुणाचा?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आमच्या पेठेतला चौक काही नावाजलेला नाही. सातारा शहराच्या नकाशात तो बोटाच्या टोकाखाली झाकून जाईल. चार रस्ते तिथे एकमेकांना मिळतात. एक अजिंक्यताऱ्याच्या बाजूने उतरत येतो, एक तसाच उतरत खालच्या रस्त्याकडे जातो आणि उरलेले दोन आडवे, पेठेच्या पोटात शिरणारे. एका कोपऱ्यावर पिठाची गिरणी, दुसऱ्यावर किराणा दुकान, तिसऱ्यावर गणेश मंडळाची खोली आणि चौथ्यावर लिंबाचे जुने झाड व त्याला बांधलेला कट्टा. त्या लिंबाखाली माझी मावशी भाजीची पाटी घेऊन बसते. काकांची रिक्षा तिच्यापासून वीसेक पावलांवर उभी असते. मी तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून शिक्षणासाठी इथे आले आणि मावशीकडे राहते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे रेशनकार्डापासून वीजबिलाच्या तक्रारीपर्यंत घरातला प्रत्येक अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आपोआप आले आहे. प्रस्तुत लेखही एका अर्जातूनच निघाला.

गेल्या पावसाळ्यात मावशीचा धाकटा मुलगा शाळेतून येताना याच चौकात एका मोटारसायकलखाली सापडला. पाय मोडला. दीड महिना प्लॅस्टरमध्ये होता. चालवणारा मुलगा काही गुंड नव्हता. उतारावरून आला, कोपरा रुंद होता, ब्रेक न लावता वळला. पेठेतली मंडळी जमली, निवेदन दिले गेले आणि महिन्याभरात रस्त्यावर गतिरोधक आला. लोक समाधान पावले. पण मला काही चैन पडेना. कारण गतिरोधक ओलांडून झाला की गाड्या पुन्हा पूर्वीच्याच वेगाने चौक कापतात, आणि पोरे पूर्वीसारखीच भिंतीला चिकटून चालतात. चौक हा गाड्यांचाच, माणसांनी तो जीव मुठीत धरून ओलांडायचा, हे जणू सगळ्यांनी मान्य करून टाकले आहे.

वास्तविक 'चौक' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, आणि हे दोन अर्थ एकमेकांशी भांडणारे आहेत. संस्कृत 'चतुष्क' वरून आलेला हा शब्द. जुन्या वाड्यातला चौक म्हणजे चारी बाजूंनी सोपे आणि मध्ये आभाळाखालची मोकळी जागा. तिथे वाळवणे पडत, बारशी होत, पोरे खेळत, म्हाताऱ्या उन्हाला बसत. वाड्यातला चौक ही थांबण्याची जागा होती. रस्त्यावरचा चौक मात्र निघून जाण्याची जागा झाला. तिथे कुणी थांबले तर मागून हॉर्न वाजतो. जगातल्या काही गावांत अलीकडे जे प्रयोग चालू आहेत, त्यांचा गाभा मला एका वाक्यात सांगायचा झाला तर असा सांगेन, की रस्त्यावरच्या चौकाला वाड्यातल्या चौकाचा थोडासा गुण द्यायचा. त्याला 'पादचारी चौक' असे म्हणतात.

अमेरिकेत पोर्टलंड नावाचे शहर आहे. तिथल्या सेलवुड या वस्तीतल्या रहिवाशांनी १९९६ साली आपल्या घरांजवळच्या एका साध्या चौरस्त्यावर मोठे चित्र रंगवले, आणि कोपऱ्यांवर चहाची टपरीवजा जागा, पुस्तकांची देवघेव करायचे कपाट, मुलांसाठी छोटेसे घर अशा गोष्टी उभ्या केल्या. शहराच्या अधिकाऱ्यांनी प्रथम हरकत घेतली. रस्ता सार्वजनिक आहे, तेव्हा त्यावर असे काही करता येणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. (सार्वजनिक जागा म्हणजे जनतेने वापरायची नाही अशी जागा, हा समज आपल्याकडेच आहे असे मला तोपर्यंत वाटत असे.) पुढे त्याच शहराने अशा चौकांसाठी नियम करून परवानगीची रीतसर वाट काढून दिली, आणि तिथे असे अनेक चौक झाले. आपल्या देशात राजस्थानातल्या उदयपूरच्या जुन्या शहरात 'नाइयों की तलाई' नावाचा एक चौक आहे. आसपास शाळा आणि अंगणवाडी, आणि चौकभर उभ्या गाड्या. २०१९ साली तिथे रंगाच्या आखणीने आणि कुंड्यांनी तात्पुरती मांडणी करून गाड्यांची जागा लहान मुलांना आणि त्यांच्या आयांना दिली. आपल्या पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी महानगरपालिकेने पादचारी दिन पाळला. लक्ष्मी रस्त्यासारख्या गजबजलेल्या रस्त्याचा काही भाग त्या दिवशी गाड्यांना बंद ठेवला, आणि लोक रस्त्याच्या मधोमध चालले. हा उपक्रम पुढच्या वर्षांतही झाला. एका दिवसाने काय होते, असे कुणी म्हणेल. पण लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही बाजूंची घरे पाहणे हा अनुभव पुष्कळ पुणेकरांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला असेल.

आता यात कारागिरी कोणती, ते थोडे सविस्तर सांगते, कारण पुष्कळांना वाटते की पादचारी चौक म्हणजे चौकाचे सुशोभीकरण. तसे मुळीच नाही. आपल्याकडचे सुशोभीकरण कसे असते? चौकाच्या मधोमध एक गोल ओटा, त्याला लोखंडी कठडा, आत कारंजे, जे उद्घाटनानंतर पाण्याला महाग होते. त्या ओट्यापर्यंत पोचायला रस्ता ओलांडावा लागतो आणि पोचले तरी आत जाता येत नाही. म्हणजे चौकातली सर्वांत मोकळी जागा कुणालाच मिळत नाही. पादचारी चौकात उलटे करतात. मधली जागा गाड्यांच्या जाण्यायेण्यापुरती ठेवायची आणि मोकळी होणारी जागा कडेला, घरांच्या आणि दुकानांच्या उंबऱ्याला जोडायची. मग गिरणीत आलेली बाई डबा ठेवून तिथेच टेकू शकते, दुकानदाराची नजर खेळणाऱ्या पोरावर राहते.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. कोपरा जितका रुंद आणि गोल, तितकी गाडी वेग न कमी करता वळते. तोच कोपरा पुढे काढून अरुंद केला की चालवणाऱ्याला ब्रेक लावावाच लागतो. तिथे पोलीस नको, पाटी नको. शिवाय माणसाला ओलांडायचे अंतर कमी होते आणि उभ्या गाड्यांच्या आडून अचानक पुढे यावे लागत नाही. वेगाचे गणित तर शाळेतल्या विज्ञानाचे आहे. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरऐवजी ५० ने येणाऱ्या गाडीचा तडाखा पावणेतीन पटींहून अधिक असतो, आणि ६० ने येणाऱ्या गाडीचा चौपट. आमच्या चौकात चाळीस-पन्नासला वळणारी गाडी पंचवीसला वळली असती तर धाकट्याचे काय झाले असते, हा विचार मी करायचा नाही असे ठरवले आहे. पण तो येतोच.

हे सगळे करायला लाखो रुपये लागतात असेही नाही, निदान सुरुवातीला. इथल्याच पोवई नाक्यावर अनेक रस्ते एकत्र येतात. तिथली कोंडी सोडवण्यासाठी जमिनीखालून मार्ग खोदावा लागला आणि तो २०२१ साली सुरू झाला. मोठ्या नाक्याचे दुखणे मोठे, त्याला औषधही मोठे. पेठेतल्या चौकाला त्याची गरज नाही. तिथे कबड्डीचे मैदान आखतात त्या फक्कीने आधी कोपरे आखावेत, रिकामे डबे आणि कुंड्या ठेवाव्यात, आठ-पंधरा दिवस बघावे. कचऱ्याची घंटागाडी वळते का, रुग्णवाहिकेला आणि अग्निशमनाच्या बंबाला सरळ वाट राहते का, कुणाच्या दारात अडचण होते का? अडचण झाली तर फक्की पुसून पुन्हा आखावी. सिमेंट सर्वांत शेवटी. आपल्याकडे सिमेंट सर्वांत आधी येते आणि मग विचार सुरू होतो.

आणखी एक सावधगिरी, जी मला आमच्या मामांनी सांगितली. मामा सांगलीला राहतात, मारुती चौकापासून जवळच. मी उत्साहाने त्यांना हे सगळे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "तुमचं साताऱ्याचं पाणी उताराला लागून जातं गं. आमच्याकडं कृष्णामाई स्वतःच चौकात येऊन बसते." २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि मारुती चौक पाण्याखाली होता. २००५ आणि २०२१ सालीही पाणी शहरात शिरले होते. तेव्हा सांगलीत चौकाच्या कडा उंच करून ओटे बांधताना पाण्याची वाट आधी पाहावी लागेल, नाहीतर पावसाचे पाणी घरात शिरेल. तिथली बाके आणि कुंड्याही उचलून नेता येतील अशाच हव्यात. उलट साताऱ्याच्या उतारावर गुळगुळीत रंग लावला तर पहिल्याच पावसात दुचाकी घसरतील. परगावचे चित्र जसेच्या तसे आणून चालत नाही, हे पुस्तक वाचून कळले नसते. मामांनी एका वाक्यात सांगितले.

रस्ता बंद करणे आपल्याला नवीन आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. गणपतीत आमच्या चौकाची एक बाजू मांडवाने दहा दिवस बंदच असते आणि गाड्या मुकाट्याने दुसऱ्या गल्लीतून जातात. तासगावात ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो. पटवर्धनांच्या काळापासूनची ही परंपरा. दोरखंड ओढणाऱ्या हजारो माणसांनी रस्ता इतका भरलेला असतो की त्या वेळी तिथे गाडी आणण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी तो रथ पाहिला आहे. त्या दिवशी रस्ता आपला असतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण तो निमूटपणे परत करतो.

मग रोज नाही, तर ठरावीक वेळ का नाही? याचे उदाहरण मला सांगली जिल्ह्यातच सापडले. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. या गोष्टीचा रस्त्याशी संबंध नाही, हे खरे. पण सगळ्यांनी मिळून वेळ ठरवली, भोंगा लावला आणि वेळ संपली की सगळे पूर्ववत, ही रीत चौकाला लागू पडते. रविवारी संध्याकाळी पाच ते आठ चौक माणसांचा, एवढेच आमच्या अर्जात मागितले आहे.

कायदाही याला अगदीच आडवा येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी अथवा निर्बंध घालता येतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. परंतु निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर राजपत्राची आवश्यकता नाही, स्थानिक पातळीवर परिस्थितीनुसार शक्य तितकी प्रसिद्धी दिली की पुरते, अशी त्यातच तरतूद आहे. हे वाचले तेव्हा मला ग्रंथालयात बसल्याबसल्या फार आनंद झाला. म्हणजे महिनाभराचा प्रयोग करून पाहण्याची वाट कायद्याने स्वतःच उघडी ठेवली आहे. अर्थात अधिकार नागरिकांचा नव्हे, शासनाचा आणि शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा. आपण अर्ज करायचा.

अर्ज लिहून झाला आणि मी तो रात्री जेवताना वाचून दाखवला. मला वाटले होते, शाबासकी मिळेल. मावशीने भाकरी मोडता मोडता विचारले, "आन् माझी पाटी?" मी म्हटले, मावशी, तुझ्यासाठीच तर चाललंय, गाड्यांचा धूर नाही, गिऱ्हाईक निवांत थांबेल. ती म्हणाली, "चौक चांगला झाला की पहिल्यांदा आमालाच उठवत्यात बघ. घाण करत्यात म्हणून." काकांचे तर त्याहून सरळ होते. "माझी रिक्षा कुठं लागणार ते आधी लिव्ह. मीटर काय तुझ्या निबंधावर पडणार हाय व्हय?"

मी गप्प झाले, कारण अर्जात दोघांचाही उल्लेख नव्हता. मुले, वृद्ध, झाडे, हवा, सगळे होते. ज्या दोघांच्या कमाईवर मी शिकते ते नव्हते. नंतर शोध घेतला तेव्हा कळले, की मावशीची भीती पोकळ नाही आणि तिला उत्तरही आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली संसदेने कायदा केला. त्यानुसार गावोगावी नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांतही एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. सर्वेक्षणात नोंद झालेल्या विक्रेत्याला प्रमाणपत्र मिळते आणि मनाला येईल तसे उठवता येत नाही. मावशीला प्रमाणपत्र हा शब्द ठाऊक होता, पण तो शाळेच्या दाखल्यापुरता. कोपनहेगनमध्ये १९६२ साली स्ट्रॉगेट नावाचा बाजारपेठेचा रस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा दुकानदारांनीच आधी विरोध केला होता. गिऱ्हाईक गाडीतून उतरणार कसे, ही त्यांची काळजी. पुढे धंदा बुडाला नाही आणि तो रस्ता आजही पायी चालणाऱ्यांचा आहे. तरीपण काकांना कोपनहेगन सांगून काय उपयोग? त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे दवाखान्यात जाणारी म्हातारी आणि स्टँडवर जाणारे पाहुणे. त्यांना रिक्षा दारातच लागते.

एक गोष्ट मी घरात बोलले नाही, ती इथे लिहिते. आमच्या चौकातल्या कट्ट्यावर मुले रात्री दहापर्यंत बसलेली असतात. मुली बसत नाहीत. कुणी बंदी घातलेली नाही, पण मुलगी चौकात थांबली तर ती कशासाठी थांबली, याचे उत्तर तिच्या हातात दिसावे लागते. पिशवी, डबा, पुस्तक. रिकाम्या हाताने मुलगी चौकातून जाऊ शकते, थांबू शकत नाही. आमच्या वर्गातल्या मैत्रिणींना मी विचारले तेव्हा प्रत्येकीने हेच सांगितले, आणि सांगलीच्या मामेबहिणीनेही. रंग, कुंड्या आणि बाके यांनी हे सगळे बदलेल, असे मी म्हणत नाही. मोकळ्या चौकात वाढदिवसाचे फलक लागतील, कर्णे लावून नाच होतील, दुचाकी आत घुसवल्या जातील, याचीही मला पूर्ण कल्पना आहे. पण आयाबाया, म्हाताऱ्या आणि पोरे जिथे बसलेली असतात तिथे मुलीला बसता येते, एवढे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

ते असे. कोजागिरीला मंडळाच्या मुलांनी चौकाच्या चारी तोंडांना बांबू बांधले आणि मधोमध चूल मांडून दूध आटवायला ठेवले. चार तास एकही गाडी आली नाही. धाकटा प्लॅस्टर निघालेल्या पायाने लंगडत का होईना, पण रस्त्याच्या अगदी मध्ये पळाला. मावशीने भाजीच्या पाटीत शेंगा आणल्या होत्या, त्या भाजून विकल्या आणि रोजच्यापेक्षा जास्त पैसे घेऊन घरी आली. मी आणि शेजारच्या तिघीजणी लिंबाच्या कट्ट्यावर साडेअकरापर्यंत बसलो. हातात काही नव्हते. आधी कट्ट्यावरची मुले जरा बुजली, मग सरकून बसली. काकांनी रिक्षा खालच्या वळणावर उभी केली होती आणि त्यांना तिथे दोन भाडी मिळाली, हे त्यांनी स्वतःहून सांगितले नाही, मावशीने सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौक पुन्हा गाड्यांचा झाला. चुलीच्या तीन विटा तेवढ्या लिंबाखाली राहिल्या होत्या.

अर्ज मी नव्याने लिहिला आहे. पहिले कलम रिक्षाथांब्याचे. तो खालच्या वळणावर, चौकापासून चाळीस पावलांवर, आणि आजारी माणसासाठी रिक्षाला केव्हाही आत येण्याची मुभा. दुसरे कलम लिंबाखाली बसणाऱ्या विक्रेत्यांची जागा कायम ठेवण्याचे. मुले, झाडे आणि हवा यांचा क्रमांक आता त्यानंतर लागतो. गिरणीवाल्यांनी सही केली, किराणा दुकानदारांनी दोनदा वाचून केली, मंडळाच्या अध्यक्षांनी न वाचता केली. मावशीने अंगठा न देता नाव लिहिले. अक्षर वाकडे आले म्हणून तिला ते खोडून पुन्हा लिहायचे होते, मी लिहू दिले नाही. काकांनी कागद शर्टाच्या खिशात ठेवला आहे. चाळीस पावले कुणाची मोजली, माझी की त्यांची, एवढे त्यांना आधी पाहायचे आहे.